आयर्विन पुलावरचा आकडा

पावसाळ्यात कृष्णाकाठचा माणूस भेटला, की ख्यालीखुशालीच्याही आधी प्रश्न येतो : ‘आयर्विनला पाणी किती?’ सांगलीचा हा पूल बेळगाव जिल्ह्याच्या हद्दीबाहेर असला, तरी आपल्या चिकोडी, रायबाग, कागवाड भागांतील नदीकाठची घरे, मराठी असोत वा कानडी, त्याच्याकडे आपल्या दारच्या पुलासारखीच पाहतात.

सांगली संस्थानचे अधिपती श्रीमंत चिंतामणराव आप्पासाहेब पटवर्धन यांच्या कारकिर्दीत हा दगडी कमानींचा पूल उभा राहिला. नोव्हेंबर १९२९ मध्ये तत्कालीन व्हाइसरॉय लॉर्ड आयर्विन यांच्या हस्ते त्याचे उद्घाटन झाले आणि त्यांचेच नाव पुलाला मिळाले. पुढे इंग्रज गेले, १९४८ मध्ये संस्थानही विलीन झाले. नाव मात्र लोकांच्या तोंडी टिकले, ते पाण्याच्या मोजमापामुळे.

पुलापाशी पाणी ४० फुटांवर आले की इशारा पातळी आणि ४५ फुटांवर धोका पातळी मानतात. २००५ च्या महापुरात ते ५३ फुटांच्या वर गेले, २०१९ मध्ये ५७ फुटांच्या वर, तर २०२१ मध्ये पुन्हा ५४ फुटांच्या वर. सांगली सोडल्यावर नृसिंहवाडीला कृष्णेला पंचगंगा मिळते. राजापूरच्या बंधाऱ्यावरून ती आपल्या जिल्ह्यात उतरते आणि कल्लोळजवळ दूधगंगेला पोटात घेते. कृष्णा तुडुंब असली, की उपनद्यांचे पाणी पुढे सरकत नाही, फुगवटा मागे येतो. २०१९ आणि २०२१ या दोन्ही वर्षी निपाणीलगत यमगर्णीपाशी वेदगंगेच्या पुराने राष्ट्रीय महामार्गच बंद पाडला, हे आपण सर्वांनी पाहिले आहे.

२०१९ च्या जुलैअखेरीस नदीकाठचे एक आजोबा माझ्याकडे आले. नातवाला फिट्‌सचा आजार. औषध संपायला अजून दहा दिवस अवकाश होता. ‘डॉक्टरसाहेब, आयर्विनला पाणी चढायला लागलंय. चाळीस झाल्यावर आमची वाट काही सांगता येत नाही. औषध महिन्याचं लिहून द्या.’ पुढच्या पंधरवड्यात त्यांचे गाव पाण्याने वेढले गेले. मुलगा छावणीत राहिला, पण त्याचा एकही डोस चुकला नाही. त्याच पुरात औषध संपून झटके आलेले दुसरे एक मूल मी तपासले. दोघांचा आजार एकच होता, औषधही एकच. फरक होता तो आकडा वेळेवर वाचण्याचा.

बालरोगतज्ज्ञाला हे नवे नाही. मूल रोडावल्याचे डोळ्यांना दिसण्याआधी वजनाच्या तक्त्यावरील रेघ आडवी झालेली असते. तिथे लक्ष गेले तर आहार सुधारून भागते, नाही तर पुढे रुग्णालय गाठावे लागते. चाळीस फूट ही तशीच आडवी रेघ आहे, पंचेचाळीस म्हणजे आजार अंगावर आल्यासारखे.

म्हणून समव्यवसायी बंधुभगिनींना एक विनंती. जून उजाडताच नदीकाठच्या रुग्णांची यादी काढावी. फिट्‌स, दमा, मधुमेह असणाऱ्यांना महिन्याची औषधे आधीच द्यावीत. दिवस भरत आलेल्या भगिनींना कोरड्या गावी नातलगांकडे हलवण्यास सुचवावे. लसीकरणाचे कार्ड आणि जलसंजीवनीची पाकिटे प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधून ठेवण्यास सांगावे. हे सारे आयर्विनला चाळीस होण्यापूर्वी.

त्या आजोबांना वैद्यकशास्त्र ठाऊक नव्हते, पण पुलावरचा आकडा त्यांना वाचता येत होता. आपल्यालाही तो वाचता यायला हवा.