आईला ‘विसरलेले’ मूल

दुसऱ्या बाळंतपणानंतर घरी आलेल्या आईची एक तक्रार मी नेहमी ऐकतो. ‘‘डॉक्टर, थोरला माझ्याकडे बघतसुद्धा नाही हो! आठ दिवसांत विसरला मला.’’

माझ्याविषयीही आमच्या घरी हेच सांगत. मी पावणेदोन वर्षांचा असताना पाठच्या बहिणीच्या वेळी आई तालुक्याच्या दवाखान्यात गेली. मी रडेन म्हणून मला झोपवून, डोळा चुकवून निघाली. त्या वयातले मला अर्थातच आठवत नाही. सारे आजीकडून ऐकलेले. दोन दिवस मी दाराशी आकांत केला. मग गप्प झालो, जेवेनासा झालो. पुढे खेळू लागलो तेव्हा ‘रुळला पोरगा’ असे सगळे म्हणाले. अकराव्या दिवशी आई आली, तर मी आजीच्या पदराआड! आईला रडू आवरेना. नंतर महिनाभर मात्र मी तिची पाठ सोडली नाही, अंथरूणही ओले करू लागलो.

पुढे शिकताना ब्रिटनमधील जॉन बोल्बी व जेम्स रॉबर्टसन यांचे काम वाचले आणि आजीचे बोलणे आठवले. आईपासून दुरावलेल्या लहानग्यांत त्यांना तीन टप्पे दिसले होते. आधी आक्रोश, मग निराशा, शेवटी अलिप्तपणा. हा तिसरा टप्पा फसवा. मूल रुळलेले नसते आणि विसरलेलेही नसते; त्याने मन आवरून घेतलेले असते.

रॉबर्टसन पती-पत्नींच्या १९६९ सालच्या एका फिल्ममध्ये सतरा महिन्यांचा मुलगा आहे. आई बाळंतपणाला गेली म्हणून तो नऊ दिवस शिशुगृहात राहिला. तिथे सांभाळणाऱ्या बाया सारख्या बदलत. आई न्यायला आली तेव्हा त्याने तिला दूर लोटले. याच दांपत्याने चार मुलांना अशाच प्रसंगी स्वतःच्या घरी ठेवून घेतले. एकच माणूस कायम जवळ असल्याने ती पुष्कळ सावरलेली राहिली. आजी होती म्हणून माझेही थोडक्यात निभावले असावे.

तेव्हा मुलाला सांगून निघावे. रडले तरी चालेल. रडणे हा पहिला टप्पा आहे, आजार नव्हे. मागे एकाच माणसाने सांभाळावे, उशाशी आईचे जुने लुगडे किंवा साडी द्यावी, शक्य तर दवाखान्यात भेटवून आणावे. परतल्यावर ‘आईला विसरलास ना?’ अशी थट्टा करू नये. ओल्या अंथरुणासाठी मारू तर मुळीच नये. काही आठवड्यांनीही झोप व जेवण ताळ्यावर आले नाही, तर डॉक्टरांना दाखवावे.