कचेरीतला वास कुठून येतो?

सोमवारी सकाळी कचेरीचं दार उघडल्यावर पहिल्या दोन मिनिटांत नाकाला जे कळतं, ते अकरा वाजता कळत नाही. नाक सरावतं. म्हणून मैत्रिणींनो, ऑफिसात कसला तरी वास येतोय अशी कुरकुर असेल, तर तो शोधायचं काम आल्या आल्या करायचं, पर्स टेबलावर ठेवायच्याही आधी. सुट्टीत बंद राहिलेल्या खोलीत वास साठलेला असतो आणि आपलं नाक ताजं असतं.

हे मी अनुभवानं सांगते. पुण्यात पेठेतल्या एका जुन्या वाड्याच्या तळमजल्यावर आमची कचेरी होती. एका उन्हाळ्यात तिथे कुजक्या अंड्यासारखा वास सुटला. लगेच बोट गेलं ते झाडलोट करणाऱ्या मावशींकडे. "नीट पुसत नाहीत!" त्या बिचाऱ्या दिवसातून दोनदा फिनेल टाकून पुसायच्या. एकाऐवजी दोन वास यायला लागले, एवढंच! शेवटी साहेबांनी त्यांना पुढच्या महिन्यापासून येऊ नका म्हणून सांगितलंसुद्धा. मी तेव्हा गप्प बसले, त्याची टोचणी अजून आहे.

जायच्या आधी मावशीच मला म्हणाल्या, "ताई, त्या फायलींच्या मांडणीमागं जुनी मोरी हाय. मला तिथं हात लावू देत नाहीत." मांडणी सरकवली. खरंच, जाळी होती. वाड्यात बिऱ्हाड होतं तेव्हाची मोरी, पुढे कुणी वापरलीच नव्हती. मावशींनी दोन बादल्या पाणी ओतलं. दुसऱ्या दिवशी सकाळी वास नाही! मावशींचं काम राहिलं. माफी मात्र कुणी मागितली नाही.

यातलं गणित सोपं आहे, बरं का. मोरीच्या जाळीखाली प्लंबर ज्याला नहाणी ट्रॅप म्हणतात, ते वाटीसारखं भांडं असतं. त्यात थोडं पाणी कायम साठून राहतं आणि तेच गटारातल्या वायूची वाट अडवतं. मोरी वापरात नसली, की ते पाणी पुण्याच्या कोरड्या उन्हाळ्यात उडून जातं आणि वाट मोकळी होते. कुजक्या अंड्यासारखा वास हायड्रोजन सल्फाइडचा. तो थोडा असला तरी नाकाला कळतो. पण फार झाला तर नाकच बधिर होतं, म्हणून 'आता येत नाही' यावर विसंबू नये. न वापरलेल्या प्रत्येक मोरीत, बेसिनमध्ये, संडासात आठवड्यातून एकदा तांब्याभर पाणी टाकायला काय लागतं? वर चमचाभर खाद्यतेल सोडलं तर पाणी लवकर उडत नाही. पाणी घालूनही वास राहिला, तर भांडं तडकलं असेल किंवा नळी तुंबली असेल. तिथे प्लंबरच हवा. टाकीत किंवा चेंबरमध्ये माणूस मात्र उतरवू नका. आतल्या वायूनं माणसं दगावतात, आणि 2013 च्या कायद्यानं पुरेशा संरक्षणाशिवाय तसं कुणाला उतरवणं गुन्हा आहे.

आणखी एक. संडास लख्ख व्हावा म्हणून ॲसिड आणि ब्लीचिंग पावडर एकदम टाकायची खोड पुष्कळांना असते. त्यातून क्लोरीन वायू निघतो. बंद खोलीत तो जिवावर बेततो. मावशींना हे सांगा, आणि सांगण्याआधी त्यांच्या हातात कोणत्या बाटल्या दिल्यात तेही बघा.

बाकीचे वास ओळखायला सोपे. जळक्या प्लॅस्टिकचा किंवा विनाकारण मासळीसारखा वास आला, तर तो डब्यातल्या बांगड्याचा न समजता बटणं नि प्लग हाताला गरम लागतात का पाहा आणि मेन स्विच बंद करून वायरमन बोलवा. गोडसर कुजका वास दिवसागणिक वाढला, तर कपाटामागे उंदीर किंवा चिचुंद्री मेली आहे असं समजा. एसी सुरू केल्यावर ओल्या फडक्यासारखा वास येत असेल, तर आतली जाळी आणि पाण्याची ताटली धुवायची राहिली आहे. कचऱ्याचं म्हणाल, तर डब्यातलं उरलेलं शनिवारी कुंडीत टाकून गेलात की सोमवारी ते स्वागताला हजर! ओला कचरा वेगळा ठेवा, रोजच्या रोज द्या. पॅड कागदात गुंडाळून लाल ठिपका काढून वेगळे द्या. पुण्यात 'स्वच्छ' संस्थेच्या कचरावेचक बायका घरोघर हेच मागतात, कारण ते उघडं त्यांच्याच हाताला लागतं.

आणि समजा, वास एखाद्या सहकाऱ्याच्या अंगाचा किंवा बुटांचा निघाला तर? चारचौघांत नाकाला पदर लावू नये, टेबलावर अत्तराची बाटली तर मुळीच ठेवू नये. जिचं त्याच्याशी बरं जमतं तिनं बाजूला घेऊन एकदाच साध्या शब्दांत सांगावं. कधी कधी आजार असतो, कधी घरी पाणीच येत नसतं.

पावसाळ्यात मात्र सगळ्यांचाच वास एक होतो. ओल्या छत्र्या नि रेनकोट आत आणू नयेत, जिन्यात बादली नि दोरी असावी. फायलींची मांडणी भिंतीपासून वीतभर पुढे ओढावी, ऊन पडेल त्या दिवशी दारं-खिडक्या सताड उघडाव्यात. डांबराच्या गोळ्या कपाटात ठीक. आपण दिवसभर बसतो त्या खोलीत नकोत, डोकं दुखतं. आणि मांडणी ओढलीच आहे, तर मागे जाळी आहे का तेही बघून घ्या.