हृदय दुबळे झाले, तरी चालणे सोडू नका

घरच्या कर्त्या माणसाचे हृदय दुबळे झाले, दम लागू लागला, की आपण त्याला खाटेवर बसवून ठेवतो. पण औषधे चालू असून प्रकृती स्थिरावली असेल, तर बेताचा व्यायाम हवाच.

पोलंडमध्ये ८५० रुग्णांची पाहणी झाली. निष्कर्ष २०२० साली प्रसिद्ध झाले. त्यांतले निम्मे रुग्ण आठवडाभर रुग्णालयात शिकले, मग आठ आठवडे घराजवळच चालले. अंगावरच्या छोट्या यंत्रातून हृदयाचा आलेख मोबाइलवरून दवाखान्यात जाई. त्यांचा दम वाढला. मृत्यू मात्र कमी झाले नाहीत.

आपल्याकडे ते यंत्र नसेल. तरी डॉक्टरांना विचारून, बोलता येईल इतपतच चाला. रोज सकाळी वजन लिहून ठेवा. तीन दिवसांत दोन किलो वाढले, तर अंगात पाणी साठत असेल. त्याच दिवशी डॉक्टरांना कळवा.