मुंबईचं अंतर नसलेला दगड

पेठ म्हटल्यावर पुण्याच्या भाच्याच्या डोळ्यांपुढे वाडे उभे राहिले असावेत. रामदासपेठेत त्याला दिसले ते दवाखाने, औषधांची दुकानं आणि सकाळी साडेसहालाच तापू लागलेला रस्ता. "मामा, एका दिवसात होईल ना नागपूर?" म्हटलं, होईल, पण आधी डोक्याला दुपट्टा बांध.

तारीख मी मुद्दाम १ मे निवडली होती. सीताबर्डीचा किल्ला लष्कराच्या ताब्यात असतो. सामान्य माणसाला तो वर्षातून तीनदाच पाहता येतो, २६ जानेवारी, १ मे आणि १५ ऑगस्टला. यातली मधली तारीख नागपूरकराला जराशी बोचते. महाराष्ट्राचा वाढदिवस खरा, पण आपली राजधानी त्याच्या आधीच गेलेली.

किल्ला उघडायला वेळ होता म्हणून आधी झिरो माईलचा दगड गाठला. चार घोडे, उंच खांब आणि 'हा भारताचा मध्यबिंदू' ही शाळेपासूनची दंतकथा. खरं तर १९०७ सालचं हे त्रिकोणमितीय सर्वेक्षणाचं उंची मोजण्याचं खूणस्थान आहे, समुद्रसपाटीपासून १०२०.१७१ फूट. मला त्याहून बोलकी वाटतात ती कोरलेली अंतरं. चांदा १२५ मैल, रायपूर १७४, जबलपूर १७०, सिवनी ७९, छिंदवाडा ८३, बैतूल १०१, हैदराबाद ३१८. मुंबई नाही, कलकत्ता नाही, दिल्लीही नाही. देशाच्या मध्याचा दगड इतका घरकोंबडा असेल का? १८६१ मध्ये इंग्रजांनी मध्य प्रांत केला आणि नागपूर त्याची राजधानी झालं. हैदराबाद तेवढं पाहुणं. बाकी बहुतेक नावं त्या प्रांताच्या घरातली.

तर्री पोहा खाऊन (भाच्याच्या डोळ्यांत पाणी, कपाळावर घाम) टेकडी चढलो. किल्ला भोसले आणि इंग्रज यांच्यातल्या सीताबर्डीच्या लढाईनंतरचा आहे. लढाई झाली ती उघड्या टेकड्यांवर. २६ आणि २७ नोव्हेंबर १८१७. आप्पासाहेब भोसल्यांची फौज कितीतरी मोठी, इंग्रज रेसिडेंट जेंकिन्सकडे जेमतेम दीड हजार माणसं. अरब शिपायांनी धाकटी टेकडी घेतलीही होती. इंग्रज घोडदळाच्या धडकेनं डाव फिरला. वरून शहर पाहताना कळतं की इथून तोफ डागली तर भोसल्यांचा महाल टप्प्यात येतो. पराभवानंतर किल्ला इथेच का बांधला, याला वेगळा पुरावा नको.

त्या महालाकडे, म्हणजे आज महाल याच नावानं ओळखल्या जाणाऱ्या जुन्या वस्तीकडे, ऑटोनं निघालो. "भाऊ, एवढ्या उनात महालात काय पाह्यता?" ऑटोवाल्याचा प्रश्न रास्त होता, पण उत्तर जुनं आहे. देवगडच्या गोंड राजा बख्त बुलंदनं १७०२ च्या सुमारास बारा वाड्या जोडून हे शहर वसवलं. त्याच्यामागून आलेल्या चांद सुलतानानं राजधानी इथे आणली, तट घातला, जुम्मा तलाव बांधला. तोच आजचा गांधीसागर. जुम्मा दरवाजा आज गांधी गेट. या दरवाज्यावर १८१७ च्या डिसेंबरात अरबांनी इंग्रजांचा हल्ला परतवला होता आणि नंतर बोलणी करूनच ते बाहेर पडले. आज त्यातून स्कूटी, हातगाडी आणि शेवयांची पोती जातात.

चांद सुलतानाच्या मृत्यूनंतर वारसाहक्काच्या भांडणात गोंड राणीनं रघूजी भोसल्यांना मदतीला बोलावलं. ते आले आणि राहिले. गोंड राजा बुऱ्हाण शाहाला नावापुरता मान राहिला, कारभार भोसल्यांचा. शंभरेक वर्षांनी, १८५३ मध्ये, तिसरे रघूजी निपुत्रिक वारले आणि डलहौसीनं पुढच्या वर्षी राज्य खालसा केलं. राजवाड्याचा मोठा भाग १८६४ च्या आगीत गेला. म्हणून महालात राजवाडा शोधणाऱ्याची फसगत होते. अरुंद गल्ल्या, भांड्यांची दुकानं, मधूनच एखादा कोरीव लाकडी खांब एवढंच हाती लागतं.

दुपार ताकावर आणि पंख्याखाली काढली. पारा पंचेचाळिसाकडे झुकला की इतिहासही झोपतो.

ऊन उतरल्यावर दीक्षाभूमी. रामदासपेठेतून अगदी हाकेच्या अंतरावर. तिथला पांढरा स्तूप भव्य आहेच, पण माझं लक्ष तारखेकडे जातं. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी इथे लाखो अनुयायांसह धम्मदीक्षा घेतली, तेव्हा नागपूर राजधानी होतं. अठराच दिवसांनी, १ नोव्हेंबरला, ते राजधानी राहिलं नाही. राज्य पुनर्रचनेत मध्य प्रदेशची राजधानी भोपाळ झाली आणि विदर्भ द्वैभाषिक मुंबई राज्यात गेला. १९५३ च्या नागपूर कराराची सोय म्हणून दर हिवाळ्यात महाराष्ट्राचं विधिमंडळ इथे येतं. तेव्हा रामदासपेठेतून सीताबर्डीला जायचं तर मोर्चे कुठे अडवलेत ते आधी विचारावं लागतं.

रात्री गच्चीवर भाच्यानं मोबाइल काढला. "मामा, रेल्वेनं मुंबई ८३७ किलोमीटर. समृद्धी महामार्ग मात्र ७०१." म्हटलं, नीट बघ, तो भिवंडीजवळ आमण्याला संपतो. मुंबई त्याच्याही पुढेच.