हिसका गिअरचा, दोष नळीचा

जुनी ऑटोमॅटिक डिझेल मोटार गिअर बदलताना हिसके देऊ लागली, की गिअरबॉक्स उघडायची भाषा सुरू होते. मंडळी, जरा थांबा. १९७६ साली आलेल्या डब्ल्यू १२३ मालिकेतली मर्सिडीज ३०० डी घ्या. तिच्या इंजिनावर व्हॅक्यूम पंप असतो. त्याची ओढ ॲक्सिलरेटरला जोडलेल्या झडपेतून गिअरबॉक्सकडे जाते; पाय जितका दाबाल, तितकी ती कमी होते. रबरी नळी चिरली तरीही ओढ कमीच होते. गिअरबॉक्सला वाटतं, इंजिनावर भार आलाय. तो तेलाचा दाब वाढवतो आणि गिअर आदळतो!

गंमत म्हणजे हे इंजिन बंदही व्हॅक्यूमनेच होतं. किल्ली फिरवूनही ते धडधडत राहिलं, तर आधी गळती शोधा. दारांची कुलपंही याच पंपावर चालतात, तेव्हा दारांच्या आतल्या नळ्याही तपासा. गिअरबॉक्सकडच्या नळीत तेल सापडलं, तर मॉड्युलेटरचा पडदा फाटलाय. तो बाहेरूनच बदलता येतो.

उलट, गिअर बदलताना इंजिन नुसतंच घोंगावत असेल, तर तेल पाहा: गाडी सपाटीवर, इंजिन गरम आणि चालू, लिव्हर ‘पी’वर. तेल काळं, जळक्या वासाचं निघालं, तर मात्र गिअरबॉक्स उघडावा लागणार.