‘मी ओझं झालोय’ असं फौजी म्हणतो तेव्हा

(सामुदायिक रेडिओवरच्या ‘घरचं बोलू’ या कार्यक्रमात झालेली बातचीत)

मागच्या बैठकीनंतर दोघीतिघींनी मला बाजूला घेऊन विचारलं, की तुमच्या घरातलं तुम्ही रेडिओवर सांगाल का. मी घरी विचारलं. हे म्हणाले, "सांग की. पण माझं नाव नको घेऊस." म्हणून नाव घेत नाही.

आमचे हे फौजेत होते. गस्तीवर असताना सुरुंगाचा स्फोट झाला आणि उजवा पाय गुडघ्याखाली काढावा लागला. पुण्याच्या कृत्रिम अवयव केंद्रात त्यांना पाय बसवला. हे केंद्र १९४४ पासून जवानांना हातपाय बसवून देतंय. तिथं ते चालायला शिकले, हसतबोलत होते, कारण आजूबाजूला सगळे तसेच. गावी आले आणि दोन महिन्यांत गप्प झाले.

मला पहिल्यांदा कळलं ते तांब्यावरून. उशाशी ठेवलेला पाण्याचा तांब्या सकाळी भरलेलाच असायचा. संध्याकाळचा चहाही बंद केला. मला वाटलं पित्त झालं असेल. मग ध्यानात आलं. रात्री पाय काढून ठेवलेला असतो, संडास अंगणाच्या पलीकडे, जायचं तर मला उठवावं लागतं. मला उठवायला लागू नये म्हणून ऐन उन्हाळ्यात हा माणूस तहान मारत होता.

‘मी ओझं झालोय’ हे माणूस दरवेळी तोंडानं बोलत नाही. औषध संपलं तरी सांगत नाही. पायाखालचा मोजा फाटून जखम झाली तरी दाखवत नाही. पाहुणे आले की आतल्या खोलीत जाऊन बसतो. आपल्याला वाटतं, शहाणा आहे, काही मागत नाही. पण त्यानं दुखणं वाढतं. मणक्याला मार लागलेल्या माणसानं पाणी तोडलं तर लघवीच्या जागी जंतुसंसर्ग होतो, मुतखडा होतो.

फौजी माणसाला हे जास्त का लागतं? सतरा-अठराव्या वर्षापासून त्यानं घराला पैसे पाठवलेले असतात. बहिणीचं लग्न, घराची स्लॅब, विहिरीची मोटार, सगळ्यात त्याचा पगार. पलटणीत त्याला शिकवलेलं असतं, की जखमी साथीदाराला पाठीवर घेऊन यायचं. स्वतः कुणाच्या तरी पाठीवर बसायचं कसं, हे त्याला कुणी शिकवलेलं नसतं. मग तो मनातल्या मनात हिशोब मांडतो. घरच्यांचे कष्ट तेवढे मांडतो, स्वतःचं देणं मांडतच नाही. हिशोब चुकीचा असतो, पण त्याला तो खरा वाटतो.

आता माझी चूक सांगते. मी म्हणायचे, "अहो, आम्हाला काही त्रास नाही हो." चेहरा मात्र दमलेला. त्यांना दिसत होतं. खोटं बोलतेय म्हणजे फारच जड होतंय हिला, असं त्यांनी धरलं. दुसरी चूक, हातातली कपबशीसुद्धा मी काढून घ्यायचे. "तुम्ही बसा." दिवसभर ‘तुम्ही बसा’ ऐकणाऱ्या माणसाला आणखी काय वाटणार?

आता मी खरं सांगते. "आज माझी पाठ दुखतेय, कपडे उद्या धुते." काम जड आहे हे मान्य करायचं. ते काम कमी कसं होईल, ते दोघांनी मिळून बघायचं. आम्ही संडासाला कमोड बसवला, भिंतीला धरायला नळी ठोकली, अंगणात फरशी केली. मला उठवायची वेळ निम्म्यानं कमी झाली.

आणि खरंच लागणारं काम त्यांच्याकडे दिलं. उगाच दिलेलं काम माणसाला लगेच ओळखू येतं, लहान पोरालासुद्धा. आमच्याकडे शेतीची लाइट रात्री येते. मोटारीला मोबाइलवरचा स्टार्टर बसवला, पाण्याची पाळी आता तेच सांभाळतात. गटाच्या वह्या तपासून देतात. मागच्या महिन्यात माझीच बेरीज चुकलेली त्यांनी काढली, आणि चारचौघींत सांगितली! राग आला, पण बरंही वाटलं.

एक गोष्ट मात्र करू नका. आपल्या सांगली जिल्ह्यातले मुरलीकांत पेटकर १९६५ च्या युद्धात गोळ्या लागून कमरेखाली अधू झाले, आणि १९७२ ला जर्मनीत अपंगांच्या ऑलिंपिकमध्ये पोहण्यात सुवर्णपदक जिंकले. केवढी मोठी गोष्ट. पण आमच्याकडे येणारा प्रत्येक जण यांना म्हणायचा, "पेटकरांचं बघा." एकदा हे म्हणाले, "म्हणजे मी आता पदक आणू का?" पेटकरांना पद्मश्री मिळायला २०१८ उजाडलं, तेही कुणी सांगत नाही.

पेन्शनचंही तसंच. अपंगत्वाची पेन्शन म्हणजे दया नाही. तिच्यात एक भाग नोकरीचा असतो, एक अपंगत्वाचा. शंभर टक्के अपंगत्व असेल आणि वैद्यकीय मंडळानं शिफारस केली, तर सांभाळणाऱ्या माणसासाठी सतत परिचर भत्ता मिळतो. म्हणजे सांभाळणं हे काम आहे, हे सरकारनंही मानलंय. मला एका कार्यालयात चार खेपा घालाव्या लागल्या, तेव्हा आधी जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात जाऊन नीट विचारा. डिस्चार्ज बुक, पेन्शनचा आदेश, मंडळाचे कागद, सगळ्याच्या दोन-दोन झेरॉक्स जवळ ठेवा.

आता सगळ्यात अवघड. एका रात्री हे म्हणाले, "मी गेलो तरी पेन्शन तुला मिळेलच. वर माझी उठबस वाचेल." सख्यांनो, असं वाक्य कानावर आलं तर ‘काहीतरीच काय बोलता’ म्हणून उडवून लावू नका. दारू वाढली, झोप उडाली, आपल्या वस्तू वाटायला लागले, तरी सावध व्हा. सरळ विचारा. मी विचारलं, "अहो, जीव द्यायचा विचार येतो का मनात?" विचारल्यानं तो विचार डोक्यात शिरत नाही. उलट बोलायला वाट मिळते. बराच वेळ गप्प राहून ते म्हणाले, "कधी कधी."

त्या रात्री मी त्यांना एकटं सोडलं नाही. फवारणीची औषधं सकाळी दिरांच्या घरी नेऊन कुलपात ठेवली, कॅन्टीनची बाटलीही. टेलिमानसला फोन लावला. नंबर लिहून घ्या, एक चार चार एक सहा, १४४१६. पैसे पडत नाहीत, रात्रीअपरात्री लागतो, मराठीत बोलता येतं. मग ईसीएचएसच्या दवाखान्यातून मनाच्या डॉक्टरांची चिठ्ठी मिळाली. गोळ्या सुरू झाल्या, त्यांचा गुण यायला काही आठवडे गेले. माझी नणंद म्हणाली, "वेड्याच्या डॉक्टरकडे कशाला?" तिला यांनीच उत्तर दिलं, "पायाला डॉक्टर लागला, तसा यालाही लागतो."

सगळं मिटलंय असं नाही. पावसाळ्यात पाय ठणकतो, त्या दिवशी ते कुणाशी बोलत नाहीत. मीही बोलत नाही, तांब्या भरून ठेवते. परवा रात्री दोनदा उठवलं मला. दुसऱ्यांदा मी कुरकुरले, तर म्हणाले, "कुरकुर कर, पण दार उघड आधी."

तुमच्या घरात, भावकीत असं कुणी असेल तर पुढच्या बैठकीला त्यांच्या बायकोला किंवा आईला घेऊन या. चहा माझ्याकडे.