संमीलनभट्टीतील न्यूट्रॉन आणि शोधनिबंधावरील नावे

अणुभंजनाच्या भट्ट्यांनी लोकांच्या मनात जी धास्ती निर्माण केली तिची प्रतिक्रिया म्हणूनच की काय, अणुकेंद्रांच्या संमीलनावर चालणाऱ्या भावी भट्टीविषयी अगदी विरुद्ध टोकाची एक समजूत सुशिक्षितांत रूढ झाली आहे : इंधन समुद्राच्या पाण्यातले, राख म्हणावी तर हेलियमसारख्या निरुपद्रवी वायूची, आणि किरणोत्सर्गाचे नाव नाही. यातील पहिली गोष्ट अर्धी खरी, दुसरी खरी आणि तिसरी साफ खोटी आहे. पहिली अर्धी अशासाठी, की ड्युटेरियम समुद्राच्या पाण्यातून मिळतो खरा, पण त्याचा जोडीदार जो ट्रिटियम तो स्वतःच किरणोत्सर्गी असून त्याचे अर्धायुष्य अवघे १२.३ वर्षांचे असल्यामुळे निसर्गात त्याचा साठा असा नाहीच. तो भट्टीच्या भिंतीत लिथियमपासून घडवावा लागणार आहे. तिसऱ्या गोष्टीचा समाचार मात्र जरा सविस्तर घ्यावा लागेल.

ड्युटेरियम आणि ट्रिटियम यांची अणुकेंद्रे एकजीव झाली म्हणजे १७.६ दशलक्ष इलेक्ट्रॉन-व्होल्ट इतकी ऊर्जा मोकळी होते, आणि तिचा चार-पंचमांश भाग, म्हणजे १४.१ दशलक्ष, एकटा न्यूट्रॉन घेऊन निघून जातो. हेलियमच्या अणुकेंद्रावर विद्युत्भार असल्यामुळे चुंबकीय क्षेत्र त्याला आवरून धरू शकते. न्यूट्रॉनवर तसा भार नसल्यामुळे त्याला कोणतेच चुंबक अडवीत नाही, आणि तो सरळ भिंतीत शिरतो. फ्रान्सच्या दक्षिण भागात कादाराश येथे उभारल्या जात असलेल्या ईटर या यंत्राची संकल्पित शक्ती ५०० मेगावॅट आहे. तिचा हिशेब मांडला तर दर सेकंदाला सुमारे १८ वर एकोणीस शून्ये इतके न्यूट्रॉन बाहेर पडतील असे दिसते. हे न्यूट्रॉन पोलादात, तांब्यात आणि पाण्यात शिरून तेथील स्थिर अणुकेंद्रांचे रूपांतर किरणोत्सर्गी अणुकेंद्रांत करतात, आणि ज्याने मूळ इंधनाकडे पाहून भट्टीला निर्मळ ठरवले त्याला हा सगळा मामला दिसतच नाही.

पाण्याचे उदाहरण घेण्यासारखे आहे, कारण ते कोणाच्या सहज ध्यानात येत नाही. भिंती थंड ठेवण्यासाठी खेळवलेल्या पाण्यातील ऑक्सिजनवर सुमारे १० दशलक्ष इलेक्ट्रॉन-व्होल्टपेक्षा अधिक ऊर्जेचा न्यूट्रॉन आदळला तर त्याचा नायट्रोजन-१६ होऊ शकतो. भंजनातील बहुतेक न्यूट्रॉन याहून बरेच मंद असतात. संमीलनातले मात्र जन्मतःच ही मर्यादा ओलांडून आलेले. या नायट्रोजनचे अर्धायुष्य सात सेकंदांहून किंचित अधिक, पण त्याचे गॅमा किरण सहा ते सात दशलक्ष इलेक्ट्रॉन-व्होल्टचे, म्हणजे चांगलेच भेदक; आणि वाहते पाणी तेवढ्या अवधीत नळातून यंत्राच्या जाड आवरणाबाहेर येऊन पोचलेले असते. म्हणून किरणांचा उगम केवळ यंत्राच्या पोटात नसून, इमारतीभर फिरणाऱ्या नळांतही आहे असे गृहीत धरूनच भिंतींची जाडी ठरवावी लागते.

इतके ऐकल्यावर वाचक दुसऱ्या टोकाला जाण्याचा धोका असतो : मग ही भट्टी चेर्नोबिलचीच बहीण की काय? तसेही नाही. येथे एका विक्रियेने दुसरी पेटवावी असली न्यूट्रॉनांची साखळी नाही. पात्रात एका वेळी असलेले इंधन फार तर काही ग्रॅमचे, आणि तापमान वा बंधन जरा ढळले की विक्रिया आपोआप विझते. प्लुटोनियमासारखी दीर्घजीवी जड मूलद्रव्येही यात निपजत नाहीत. जे किरणोत्सर्गी होते ते यंत्राचे शरीर, आणि ते किती काळ तसे राहील हे बव्हंशी त्या शरीराच्या घटनेवर अवलंबून असते. पोलादात अशुद्धी म्हणून राहिलेला कोबाल्टचा अंश कोबाल्ट-६०च्या रूपाने ५.२७ वर्षांच्या अर्धायुष्याचा उपद्रव देतो. नायोबियमपासून होणारा नायोबियम-९४ तर सुमारे वीस हजार वर्षांच्या अर्धायुष्याचा. म्हणूनच युरोपात नायोबियम, मॉलिब्डेनम आणि निकेल यांना शक्य तेवढे वगळून, त्यांच्या जागी टंगस्टन व टँटलम घातलेले पोलाद सिद्ध करण्यात आले, आणि त्याच धर्तीचे भारतीय पोलाद कल्पाक्कम येथे विकसित झाले. धातुकाराच्या एका निर्णयाने पुढील पिढ्यांचे ओझे कसे बदलते, याचा हा ठळक दाखला आहे.

हे सारे आगाऊ कळणार कसे? येथे आणखी एक गैरसमज आडवा येतो, तो असा की हे गणित ज्या रीतीने करतात तिला जुगाराच्या गावाचे नाव पडले, तेव्हा ती रीत अंदाजपंचेच असणार. मोंटे कार्लो पद्धतीची कल्पना १९४६ साली स्तानिस्लाव उलाम यांना आजारातून उठत असताना पत्त्यांचा एकट्याने खेळायचा डाव मांडता मांडता सुचली, जॉन फॉन नॉयमान यांनी ती न्यूट्रॉनांच्या प्रश्नाला लावली, आणि नाव सुचवले ते निकोलस मेट्रोपोलिस यांनी. तिचे सार असे : एका काल्पनिक न्यूट्रॉनचे चरित्र जन्मापासून मृत्यूपर्यंत लिहायचे, तो कोठे आदळला, किती ऊर्जा गमावली, कोठे गिळला गेला हे प्रत्यक्ष मापनांतून जमवलेल्या संभाव्यतांच्या तक्त्यांवरून दैवयोगाने ठरवायचे, आणि अशी कोट्यवधी चरित्रे लिहून सरासरी काढायची. दैव येते ते केवळ निवडीत. तक्ते पदार्थविज्ञानाचे असतात, आणि आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्था संमीलनासाठी त्यांचा खास संग्रह राखते. त्रुटी निम्मी करायची तर चरित्रे चौपट लिहावी लागतात हा या रीतीचा कडक नियम. जाड भिंतीपलीकडे जिथे हजारो कोटींतून एखादाच न्यूट्रॉन पोचतो तिथे तेवढ्यानेही भागत नाही. मग महत्त्वाच्या दिशेने चाललेल्या न्यूट्रॉनचे दोन करून प्रत्येकाला निम्मे वजन द्यायचे अशा हिकमती कराव्या लागतात.

उलट चूक याहून अधिक घातक आहे : संगणकाने आकड्यापुढे दोन टक्के त्रुटी छापली की आकडा दोन टक्क्यांत बरोबर, असे मानणे. ते दोन टक्के सांगतात ते चरित्रे पुरेशी लिहिली गेली की नाही एवढेच. आराखड्यात एखादी फट काढायची राहून गेली असेल, पोलादातील कोबाल्टचे प्रमाण चुकीचे धरले असेल किंवा तक्त्यातच दोष असेल, तर त्याचा त्या टक्क्यांत उल्लेखही नसतो. न्यूट्रॉन तर फटींतूनच वाहतात. यंत्र बंद केल्यावर बारा दिवसांनी, दुरुस्तीसाठी माणसे जिथे जाणार त्या जागी तासाला १०० मायक्रोसीव्हर्टहून अधिक मात्रा नसावी असे ईटरच्या आराखड्याचे लक्ष्य आहे, आणि ते गाठण्यासाठी दोन टप्प्यांचे गणित करावे लागते : आधी न्यूट्रॉन कोठे किती पोचले, मग त्यांनी किरणोत्सर्गी केलेला धातू कोणते गॅमा किरण सोडील. हा कागदी खेळ नव्हे. जानेवारी २०२२मध्ये फ्रान्सच्या अणुसुरक्षा प्राधिकरणाने ईटरच्या जोडणीच्या पुढील टप्प्याची परवानगी तहकूब ठेवली, आणि तिच्या कारणांत पात्रखंडांच्या मापांतील दोषांबरोबरच किरणांचे नकाशे व कर्मचाऱ्यांचे संरक्षण हीही होती. 

गणिताची खातरजमा इंग्लंडात कल्हम येथील जेट या यंत्रावर झाली. तेथे २०२१ साली ५९ आणि २०२३ साली ६९ मेगाजूल ऊर्जा मिळाली, आणि त्या प्रयोगांत दालनाच्या कोपऱ्याकोपऱ्यांतून मापके ठेवून गणित व मापन यांची गाठ घालून पाहण्यात आली. पण गैरसमज केवळ यंत्राविषयीच नसतात, त्यावरील निबंधांच्या श्रेयाविषयीही असतात. या प्रयोगांवरील शोधनिबंध उघडले की लेखकांच्या नावांनंतर ‘आणि जेटचे सहभागी’ असा मजकूर आढळतो व तळटीप सांगते की पूर्ण यादीसाठी अमुक आढावा-निबंध पाहावा. ती तळटीप हाही हिशेबात एक संदर्भोल्लेखच. परिणामी त्या आढावा-निबंधाचे उल्लेख शेकड्यांनी वाढतात. त्यांपैकी बरेचसे त्यातील एखाद्या निष्कर्षाला मान देण्यासाठी नसून हजेरीपटाकडे बोट दाखवण्यासाठी असतात.

उल्लेख म्हणजे प्रशंसा, हा समज इथेच कोसळतो. युजीन गारफील्ड यांनी १९५५ साली उल्लेखांच्या सूचीची कल्पना मांडली आणि १९६४ साली ती सूची प्रसिद्ध केली, तेव्हा हेतू निबंधाकडून निबंधाकडे वाट काढण्याचा होता. नियतकालिकाला मिळणाऱ्या उल्लेखांची सरासरी काढणारा इम्पॅक्ट फॅक्टर पुढे कोणाची नोकरी वा बढती ठरवील हे त्या योजनेत नव्हते. आजवर सर्वाधिक उल्लेखिलेला मानला जाणारा निबंध ऑलिव्हर लॉरी व सहकाऱ्यांचा १९५१चा आहे, आणि त्यात कोणताही महान सिद्धांत नसून द्रावणातील प्रथिन मोजण्याची रीत आहे. व्यक्तीचे मोल एकाच अंकात सांगणारा एच-निर्देशांक हॉर्हे हर्ष यांनी २००५ साली सुचवला. तो अंक निबंधावर एकच नाव होते की हजारो, याची मुळीच चौकशी करीत नाही. २०१५ साली हिग्ज कणाच्या वस्तुमानावरील एका निबंधाला ५,१५४ लेखक होते, आणि ३३ पानांपैकी २४ पाने नावे व संस्थांनीच व्यापली होती.

पहिले नाव म्हणजे प्रमुख कर्तृत्व, हा समजही असाच. १९५३ साली लॉस अलामॉसच्या कामाशी जोडलेल्या पाच जणांनी, एखाद्या भौतिक प्रणालीच्या संतुलित अवस्थांची संभाव्यतेनुसार निवड करण्याची एक रीत प्रसिद्ध केली. न्यूट्रॉनांची चरित्रे लिहिण्याची पूर्वीची रीत आणि ही, या मोंटे कार्लो कुळातल्या दोन वेगळ्या शाखा असून त्यांची गल्लत पुष्कळदा होते. लेखकांचा क्रम होता मेट्रोपोलिस, आरियाना रोझेनब्लुथ, मार्शल रोझेनब्लुथ, ऑगस्टा टेलर, एडवर्ड टेलर. म्हणजे निव्वळ रोमन वर्णानुक्रम. पण रीत जगभर मेट्रोपोलिस यांच्या नावाने ओळखली जाऊ लागली. पुढे संमीलनाच्या प्लाझ्मा-सिद्धांतात अग्रगण्य ठरलेल्या मार्शल रोझेनब्लुथ यांनी पन्नास वर्षांनी, २००३ साली, सांगितले की मेट्रोपोलिस यांचा वाटा संगणकाचा वेळ उपलब्ध करून देण्यापुरता होता. मॅनिअ‍ॅक संगणकासाठी आज्ञावली लिहिण्यास ऑगस्टा टेलर यांनी आरंभ केला होता. आरियाना यांनी ती पुन्हा मुळापासून लिहून पुरी केली. हल्ली अनेक नियतकालिके लेखकांकडून चौदा सदरांचा एक तक्ता भरून घेतात, कल्पना कोणाची, विश्लेषण कोणाचे, मसुदा कोणाचा असा. त्यांत आज्ञावलीचे सदर स्वतंत्र असते, आणि १९५३ साली ते असते तर त्यात या दोन स्त्रियांखेरीज कोणाचे नाव पडण्याचे फारसे कारण नव्हते.